जात्याचा खुंटा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगच्या एका दुकानात शिरलं की आधी टांगलेले क्रँक दिसतात. खाटकाकडे बोकड टांगावेत तसे, रांगेनं, उभे. ट्रॅक्टरचे, टेम्पोचे, कुठल्या तरी शेतावरच्या पंपाचा एक बुटका. आडवे ठेवले तर आपल्याच वजनानं वाक धरतात, असं मिस्त्रींचं म्हणणं. मी गोणपाटात गुंडाळून आणलेला क्रँक त्यांनी सोडवला, दोरीला अडकवला आणि लहान हातोडीनं ठिकठिकाणी हलके टोले दिले. टण्ण. देवळातल्या घंटेसारखा आवाज, बराच वेळ रेंगाळणारा.

"ऐका की साहेब," ते म्हणाले, "माठ घेताना वाजवून बघतोय न्हवं? तसंच हे. तडा असला की बद्द वाजतंय."

क्रँक माझ्या वडिलांच्या अँबॅसेडरचा. वडील गेले, गाडी राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटातून खडखड यायला लागली. इंजिन उतरवल्यावर कळलं की बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, बेअरिंगं झिजून तांबडी पडली आहेत. आता क्रँक खोललाच आहे तर बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक प्रश्न मी मिस्त्रींना विचारून टाकला : "मामा, ह्याचा स्ट्रोक वाढवता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे, घरात सून यायच्या आधीच पाळणा विकत घ्यायला निघालेल्या सासूकडे बघावं तसं बघितलं. "चहा घ्या आधी," म्हणाले.

त्यांचं उत्तर शेवटी सांगतो. तो प्रश्न माझ्या डोक्यात आला कुठून, ते आधी सांगायला हवं, कारण तो कोल्हापुरातून आलेला नाही. तो आला योकोहामामार्गे.

स्ट्रोक म्हणजे काय, हे आमच्या आजीला एका वाक्यात समजलं असतं. जात्याच्या वरच्या तळीत खुंटा बसवलेला असतो. तो मधल्या खिळ्यापासून जितका लांब, तितका हाताचा फेरा मोठा आणि तितकं जातं हलकं. खुंटा आत घेतला तर हात कमी फिरतो, पण दळताना खांदे भरून येतात. इंजिनात पिस्टन (शाळेच्या पुस्तकात ज्याला आम्ही दट्ट्या म्हणायचो आणि ज्याला गॅरेजात कुणीही दट्ट्या म्हणत नाही) वरखाली होतो, कनेक्टिंग रॉड त्याचा हात आणि क्रँकची पिन हा खुंटा. पिन मधल्या आसापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट पिस्टनची धाव. ती धाव म्हणजे स्ट्रोक. खुंटा दोन मिलिमीटर बाहेर सरकवला की धाव चार मिलिमीटरनं वाढते आणि हवा ओढायच्या प्रत्येक धावेत सिलिंडर तेवढी जास्त हवा घेतो.

इंजिनाची क्षमता वाढवायचा दुसरा मार्ग सिलिंडरच रुंद करायचा. पण चाळीतल्या खोल्यांसारखी त्याची गत आहे. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. ती तासून तासून किती तासणार? एका मर्यादेनंतर पलीकडून पाणी यायला लागतं, आणि इंजिनात भिंतीपलीकडे खरोखरच पाणी असतं. मग चाळकरी काय करतो? पोटमाळा काढतो. रुंदी तीच, उंचीतून जागा काढायची. जुन्या इंजिनात लांब स्ट्रोकचा क्रँक घालणं म्हणजे हा पोटमाळा.

अँबॅसेडरचं इंजिन मुळातच उंच छताचं. ७३ मिलिमीटर रुंद आणि ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर साडेतीन इंच, उंच. चार सिलिंडरचे मिळून १४८९ सीसी. इतकं अरुंद आणि उंच का? त्याचं मूळ विलायतच्या करात सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर एका सूत्रानं ठरायचा : सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, अडीचनं भागा. या सूत्रात स्ट्रोकचा उल्लेखच नाही! मग कारखानदारांनी काय केलं असेल ते आपल्याकडच्या बिल्डरांना समजावून सांगायला नको. इंजिनं अरुंद आणि उंच झाली. १९४७ साली ऑस्टिननं आणलेल्या १२०० सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक हाच, ८८.९. त्याच घराण्यातून पुढे बी-सीरिज इंजिन आलं. ते मॉरिस ऑक्सफर्डमध्ये बसलं आणि तिथून कोलकत्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात आलं. विलायतेत हे इंजिन पुढे १५८८, १६२२, १७९८ सीसी असं वाढत एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांत गेलं, पण स्ट्रोक शेवटपर्यंत साडेतीन इंचच राहिला. दर वेळी भिंतीच तासल्या. कर गेला तरी त्याच्या काळातली उंची राहिली, जशी संस्थानं गेली तरी वाड्यांचे दिंडी दरवाजे राहिले.

आणि इथून गोष्ट जपानात जाते.

निसाननं १९५२ मध्ये ऑस्टिनशी करार केला आणि काही वर्षांत ऑस्टिन ए-५० गाडी तिच्या १४८९ सीसी इंजिनासकट जपानात, योकोहामाला, बनवायला सुरुवात केली. म्हणजे एका काळी उत्तरपाडा आणि योकोहामा एकाच वंशाचं इंजिन घडवत होते. फरक असा की, उत्तरपाड्यानं ते इंजिन जपून ठेवलं आणि योकोहामानं ते कापलं. निसानला आपल्या छोट्या डॅटसनसाठी एक लिटरचं इंजिन हवं होतं. नवं इंजिन म्हणजे नवी यंत्रं, नवा खर्च. तेव्हा विलिस-ओव्हरलँड कंपनीतून आलेला डोनाल्ड स्टोन नावाचा अमेरिकन इंजिनिअर त्यांचा सल्लागार होता. त्यानं सांगितलं, नवं काही करू नका, ऑस्टिनच्याच इंजिनाचा स्ट्रोक कमी करा. सिलिंडर तेवढेच रुंद, त्यामुळे ते कोरणारी यंत्रं तीच. स्ट्रोक ८८.९ वरून ५९ मिलिमीटर. जन्माला आलं ९८८ सीसीचं इंजिन. जपानात त्याला 'स्टोन इंजिन' हेच नाव पडलं.

मला या गोष्टीत जी गंमत वाटते ती पुढे आहे. एकदा खुंटा आत सरकवला म्हणजे तो परत बाहेरही सरकवता येतो, हे निसानच्या लक्षात राहिलं. त्याच ७३ मिलिमीटरच्या सिलिंडरवर त्यांनी पुढे ७१ चा स्ट्रोक घालून ११८९ सीसी केले, मग ७७.६ चा घालून १२९९. हार्मोनियमचा भाता उघडावा तसं. अँबॅसेडरचं इंजिन मात्र दशकानुदशकं तेच. १९९० च्या दशकात इसुझूचं १८१७ सीसी इंजिन आलं, तेव्हा वडिलांनी एका मित्राची नवी गाडी चालवून बघितली आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "ही आपली नाही."

स्टोन इंजिनाच्या गाडीनं १९५८ साली ऑस्ट्रेलियाभोवतीच्या खडतर शर्यतीत आपला वर्ग जिंकला. त्या चमूचा म्होरक्या होता युताका कातायामा. हाच माणूस १९६० मध्ये अमेरिकेत निसानची गाडी विकायला गेला आणि तिथं 'मिस्टर के' झाला. अमेरिकनांना स्वस्त आणि देखणी स्पोर्ट्स कार हवी आहे हे त्यानं योकोहामाच्या गळी उतरवलं. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये फेअरलेडी झेड आली. अमेरिकेत तिचं नाव डॅटसन २४०झेड, किंमत ३,५२६ डॉलर. लांब नाक, आणि त्या नाकाखाली एका ओळीत सहा सिलिंडर. या इंजिनाच्या घराण्याचं नाव एल.

आता एलची कुंडली बघा. जपानात दोन लिटरच्या वर कराचा बोजा चढायचा, म्हणून तिथल्या झेडला स्ट्रोक ६९.७ मिलिमीटर, १९९८ सीसी. पुन्हा कर! अमेरिकेसाठी व्यास ८३ आणि स्ट्रोक ७३.७, एकूण २३९३ सीसी. १९७४ मध्ये धुराचे नियम कडक झाले, इंजिनाची ताकद त्यात घुसमटायला लागली, तेव्हा कारखान्यानं स्वतःच खुंटा सरकवला. व्यास तोच ८३, स्ट्रोक ७९, झाले २५६५ सीसी. ही २६०झेड. पुढच्या वर्षी भिंत तासून व्यास ८६ केला, तेव्हा २७५३ सीसीची २८०झेड. आधी पोटमाळा, मग भिंत.

या गाडीशी आपल्याकडच्या माणसांचाही एक धागा आहे. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली २४०झेडमधून जिंकली शेखर मेहतानं. युगांडातल्या गुजराती घराण्यातला मुलगा, इदी अमीननं आशियाई लोकांना हाकलल्यावर केनियात आलेला. त्या वर्षी त्याचे आणि दुसऱ्या एका डॅटसनवाल्याचे दंडाचे गुण सारखेच झाले होते, निकाल नियमाच्या बारकाव्यावर त्याच्या बाजूनं लागला. पुढे १९७९ पासून १९८२ पर्यंत ओळीनं चार वेळा त्यानं हीच रॅली जिंकली.

कारखाना ७९ वर थांबला. हौशी लोक थांबले नाहीत. त्यांच्या हाती लागला एक क्रँक, आणि तोही अशा ठिकाणी जिथं स्पोर्ट्स कारवाला सहसा बघत नाही. निसाननं याच एल घराण्यात एक डिझेल इंजिन काढलं होतं, एलडी-२८, सेड्रिकसारख्या मोठ्या, संथ, कुटुंबवत्सल गाड्यांसाठी. त्याचा स्ट्रोक ८३ मिलिमीटर. आणि त्याचा क्रँक पेट्रोलच्या ब्लॉकमध्ये बसतो! डिझेलचा म्हणजे घडवलेल्या पोलादाचा, हवा वीसपटीहून जास्त दाबणाऱ्या इंजिनासाठी केलेला. सरदाराच्या वाड्यावर चुलतभावाची बैलजोडी आणून जुंपावी आणि ती घोड्यांपेक्षा दमदार निघावी, तसं झालं.

पण क्रँक बसला म्हणजे इंजिन झालं असं नाही. इथं एक साधी बेरीज आडवी येते. ब्लॉकची उंची ठरलेली आहे, एलच्या २८०झेडवाल्या ब्लॉकची २०७.८५ मिलिमीटर. या उंचीत तीन गोष्टी एकावर एक मावायला हव्यात : अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी, आणि पिस्टनमधल्या पिनपासून त्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर. मूळ इंजिनात ढोबळमानानं साडेएकोणचाळीस, एकशे तीस आणि अडतीस, बेरीज जुळते. ८३ चा क्रँक घातला की अर्धा स्ट्रोक दोन मिलिमीटरनं वाढतो. जुनाच रॉड आणि जुनाच पिस्टन ठेवला तर पिस्टन तेवढाच ब्लॉकच्या बाहेर डोकावेल आणि वर हेडला टक्कर देईल. म्हणून पिस्टन बुटका हवा. शिवाय धाव वाढली की रॉड जास्त तिरका होतो, पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो, म्हणून रॉड लांब असलेला बरा. लांब रॉड सापडला जुन्या २४०झेडमध्येच, १३३ मिलिमीटरचा. आणि बुटका पिस्टन सापडला निसानच्या पिकअप ट्रकमधल्या चार सिलिंडरच्या केए-२४ इंजिनात, तोही ८९ मिलिमीटर व्यासाचा.

म्हणजे क्रँक डिझेल मोटारीचा, रॉड थोरल्या बहिणीचा, पिस्टन ट्रकचे. बारा गावचं पाणी प्यायलेलं इंजिन. त्याची क्षमता ३०९८ सीसी. एल-मंडळींत हे नुसतं 'थ्री पॉइंट वन' म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेत शेव्हरलेटवाल्यांचा याच जातीचा एक पदार्थ त्याहून जुना आणि वडापावइतका सर्वत्र मिळणारा : ३५० घन इंचाच्या ब्लॉकमध्ये ४०० वाल्याचा क्रँक, त्याचे मुख्य जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.६५ इंचावरून २.४५ वर उतरवून. भिंती थोड्या तासल्या की होतात ३८३. तिकडे अशा इंजिनाला सरळ 'स्ट्रोकर' म्हणतात.

आता मी एक हिशेब मांडला, आणि तो बघून थोडा चपापलो. २७५३ वरून ३०९८, म्हणजे ३४५ सीसीची भर. त्यातली क्रँकची किती आणि भिंत तासण्याची किती? नुसता क्रँक बदलला तर इंजिन २८९३ होतं, १४० ची भर. क्रँक तोच ठेवून नुसते सिलिंडर ८९ चे केले तर २९४९, भर १९५ च्या आसपास. नाव स्ट्रोकर, कौतुक क्रँकचं, आणि जास्तीची कमाई पिस्टनची! वाढदिवसाचा केक कापणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, तसा प्रकार. ती कमाईही फुकट नाही. व्यासात तीन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक भिंत दीड मिलिमीटरनं पातळ. साठ-सत्तरीतल्या ओतकामात साचा किंचित सरकलेला असू शकतो, म्हणून जाणते लोक तासण्याआधी ध्वनिलहरींनी प्रत्येक भिंतीची जाडी मोजून घेतात. एक बाजू पातळ निघाली तर तो ब्लॉक बाजूला ठेवतात.

क्रँकच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं देणं वेगळं आहे. खुंटा लांब, म्हणून त्याच रेट्यात पिळाची ताकद जास्त. गाडी खालच्या फेऱ्यांपासून ओढायला लागते, चढावर गिअर उतरवावा लागत नाही. वरच्या टोकाला मात्र तो काही आणून देत नाही, कारण तिथं पिस्टनचा वेग आड येतो. धाव लांब झाली आणि फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं. ७३.७ चा स्ट्रोक मिनिटाला ७,००० फेऱ्या करत असताना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १७.२ मीटर. ८३ च्या स्ट्रोकला हीच गती ६,२०० फेऱ्यांनाच गाठते. म्हणजे फेऱ्यांच्या मीटरवरची जुन्या इंजिनाची लाल रेघ नव्याला लागू नाही. हौसेनं सात हजारांपर्यंत नेलंच तर वरच्या टोकाला, जिथं पिस्टन क्षणभर थांबून परत फिरतो, तिथं त्याला मिळणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तीन हजार पट असतो. पिस्टनचं वजन ४०० ग्रॅम धरा. त्या क्षणी रॉडला तो बाराशे किलोचा भासतो. म्हणजे रॉडच्या टोकाला अख्खी अँबॅसेडर लटकलेली, आणि मिनिटाला सात हजार वेळा.

बाकीच्या किमती लहान, पण चुकवता येत नाहीत. सिलिंडर मोठा आणि वरची पोकळी तेवढीच, म्हणून दाबाचं प्रमाण आपोआप चढतं. २८०झेडचं ८.३ असेल, तर पोकळी तशीच ठेवल्यास ते ९.२ वर जातं. कार्बोरेटर असेल तर त्याचे जेट बदलावे लागतात. व्हॉल्व्ह मात्र जुनेच, म्हणजे छाती वाढली पण नाकपुड्या तेवढ्याच, म्हणून ताकदीचं शिखर खाली सरकतं. आणि जुळणी करताना इंजिन हातानं, अगदी सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवायचं. रॉडचा बोल्ट कुठं ब्लॉकला घासतोय का, ते कानानं आणि बोटांनी तपासायचं. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चिकटवायची, हेड बसवून फिरवायचं, हेड काढून मातीवर उमटलेला व्हॉल्व्हचा ठसा किती खोल आहे ते पट्टीनं मोजायचं. लाखो रुपयांच्या इंजिनाचं भवितव्य त्या आठ आण्यांच्या मातीत दिसतं.

तर असं सगळं डोक्यात घेऊन मी उद्यमनगरात बसलो होतो. चहा झाला. मिस्त्रींनी मायक्रोमीटर उचलला आणि पिनेला चार ठिकाणी लावला.

"स्ट्रोक वाढतोय की," ते म्हणाले. "न वाढायला काय झालं?" आणि खडूनं फरशीवर एक गोल काढला, त्याच्या आत, एका कडेला चिकटलेला, दुसरा लहान गोल. पिन सरळ न घासता एका बाजूनं जास्त घासायची. पिन बारीक होते, पण तिचा मध्य बाहेर सरकतो. याला ऑफसेट ग्राइंडिंग म्हणतात. पिनेचा व्यास जेवढा घटतो, तेवढाच जास्तीत जास्त स्ट्रोक वाढतो. नवा क्रँक लागत नाही, डिझेलचा चुलतभाऊही शोधावा लागत नाही.

"पण बेअरिंग कुठलं घालणार?" त्यांनी विचारलं.

तिथं माझी गाडी अडली. बाजारात अँबॅसेडरची बेअरिंगं दहा, वीस, तीस, चाळीस अशा मापांत येतात. माप इंचाच्या हजाराव्या भागात. चाळीस म्हणजे एक मिलिमीटर आणि वर किंचित. म्हणजे क्रँकचं सगळं आयुष्य एका दमात खर्च केलं तर स्ट्रोक वाढणार एक मिलिमीटर. मी फोनवर हिशेब केला. १४८९ चे होणार १५०६. सतरा सीसी. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मावतील एवढे, आणि तेही चार सिलिंडरात वाटून.

मी आकडा सांगितल्यावर मिस्त्री हसले नाहीत. "दगडानं खाल्लेलं लोखंड परत येत न्हाई साहेब," म्हणाले. "आज वीस घेतो. उद्या तीस राहील, परवा चाळीस राहील. तुमचा पोरगा आणंल तवा." दगड म्हणजे ग्राइंडिंगचं चाक. शिवाय आरसी बुकात १४८९ लिहिलेलं आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला त्या आकड्यात बदल चालत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं, पण त्यांचा खरा आक्षेप तो नव्हता.

मी म्हटलं, "वीसच करा मामा."

त्यांनी खडू उचलला, पुढच्या जाड भागावर '२०' असा आकडा घातला, आणि क्रँक बोकडांच्या रांगेत, ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी टांगला. मंगळवारी या, म्हणाले.